चिनी मशीन, मराठी जॉबर आणि मधला दलाल

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. 'चहा' हा शब्दही मुळात चीनचाच, तिकडे 'छा' म्हणतात. म्हणजे एक शब्द तर तुम्हाला आधीच येतो!

गेले आठ महिने मी मँडरिन शिकतोय. वय पंचेचाळीस, पोट बातमीदारीवर, चीनला जायचा बेत नाही. आठवड्यातून तीन दिवस रात्री साडेनऊला ऑनलाइन क्लास असतो. हे गावात कळल्यावर एकाने विचारलं, "पत्रकार, पार्टी बदलली काय?" दुसरा म्हणाला, "या वयात कशाला डोक्याला ताप?" आणि एका जॉबरमामांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आमास्नी बी शिकवशीला काय?"

ही पोस्ट त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे.

इचलकरंजीत वीस वर्षं यंत्रमागाच्या बातम्या करतोय. वीज सवलत, मजुरीवाढ, सुताचे दर, हेच विषय. या काळात शेडमधला आवाज बदलला. साध्या मागाची खटखट कमी होत गेली आणि रेपियर, एअरजेट आले. त्यातली कितीतरी मशीनं चीनची. मशीन चिनी, पॅनेल चिनी, पार्टच्या खोक्यावरचं लेबल चिनी, मॅन्युअल चिनी. इंग्रजी असलंच तर असं, की वाचून आणखी गोंधळ व्हावा. आणि समोर उभा कोण? दहावी झालेला किंवा न झालेला आपला जॉबर.

आता तो 'देशद्रोहा'चा मुद्दा आधी मिटवू.

जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं तसं वीचॅटही होतं. चौकाचौकात चिनी मालाची होळी झाली, मीही फोटो काढले, बातम्या दिल्या. पुढं काय झालं? २०२०-२१ या वर्षात आपण चीनकडून सुमारे ६५ अब्ज डॉलरचा माल घेतला. २०२४-२५ मध्ये ११३ अब्ज डॉलरचा. त्याच वर्षी आपण त्यांना विकला जेमतेम १४ अब्जांचा. होळी पेटली आणि खरेदी वाढली. हे चांगलं की वाईट, यावर वाद घाला, मीही घालीन. पण माल येतोच आहे, पैसे जातातच आहेत, आणि त्या व्यवहाराची भाषा आपल्या बाजूच्या कुणालाच येत नाही, ही तिसरी गोष्ट त्या दोन्हींपेक्षा वाईट.

आणि एक सांगतो. आपलं लष्कर पचमढीच्या केंद्रात चिनी शिकवतं. सरहद्दीवरच्या आयटीबीपीच्या जवानांना मँडरिन शिकवतात. समोरच्याची भाषा कळली पाहिजे, हे बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कळतं. मग चेकबुक घेऊन उभ्या असलेल्याला का कळू नये?

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आपण अभिमानाने घेतो. १९३८ मध्ये गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले. स्मारक झालं, सिनेमा झाला. पण त्यांनी तिथं जाऊन चिनी भाषा शिकून घेतली होती, हे आपण भाषणात सांगत नाही. पेशंट जी भाषा बोलतो ती डॉक्टरला यायला पाहिजे, इतका साधा हिशोब. मशीन जी भाषा बोलतं ती जॉबरला यायला पाहिजे, हाही तितकाच साधा.

तर ते जॉबरमामा. २०२० नंतर चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा अडकले, थेट विमानं बंद झाली. ती सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. मधल्या काळात मशीन बसवायचं, दुरुस्त करायचं म्हणजे व्हिडिओ कॉल. तिकडे इंजिनिअर, इकडे मामा, मध्ये मोबाईल. मामा एक नट दाखवायचे. तिकडून आवाज यायचा, "पू त्वेइ." दुसरा दाखवला, "त्वेइ, त्वेइ." दोन दिवसांत मामांना कळलं, 'त्वेइ' म्हणजे बरोबर, 'पू त्वेइ' म्हणजे चूक. कुणी शिकवलं नाही.

त्यांनी मला वही दाखवली. शंभर पानी, तेलाचे डाग पडलेली. डाव्या बाजूला पॅनेलवरची अक्षरं चित्र काढावं तशी काढलेली, उजवीकडे मराठीत अर्थ. हे आलं की उभा धागा तुटला. हे आलं की आडवा. हे आलं की हात लावायचा नाही. चाळीसेक खुणा असतील. बहुतेक सगळ्या बरोबर होत्या, मी नंतर ताडून बघितल्या. फक्त उच्चार नव्हते, कारण ऐकवायला कुणी नव्हतं.

उभ्या धाग्याचं जे अक्षर मामांनी काढलं होतं, त्याचा उच्चार 'चिंग'. आडव्याचा 'वेइ'. गंमत अशी, की चिनीत मॅनेजरला 'चिंग-ली' म्हणतात, आणि त्यातलं 'चिंग' हेच उभ्या धाग्याचं अक्षर. ताणा नीट लावणारा तो मॅनेजर! संघटनेला 'चू-चर' म्हणतात, त्यातलं दुसरं अक्षर विणण्याचं. मागवाल्यांच्या गावाला याहून सोपी भाषा कुठली मिळणार?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मँडरिन शिकवणारी जवळजवळ सगळी पुस्तकं, ॲप, क्लास इंग्रजीतून आहेत. म्हणजे मामांना मँडरिन शिकायची तर आधी इंग्रजी शिकायची. ही अट कुणी लिहून ठेवलेली नाही, पण आहे. आणि ती नुसती अन्यायाची नाही, ती अडाणीपणाची आहे. कशी, ते सांगतो.

चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची एक पद्धत आहे, पिनयिन. त्यात 'बी' हे अक्षर दिसलं की आपण 'ब' म्हणतो. पण चिनी माणूस तिथं 'प' म्हणतो. आणि 'पी' लिहिलं असेल तिथं 'फणस'मधला 'फ', ओठ मिटून. 'डी' म्हणजे आपल्या त आणि ट यांच्या मधला आवाज, 'टी' म्हणजे त्यातच हवा सोडून, थ-ठ सारखा. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. त्यांच्याकडे फरक आहे तो हवा सोडायची की नाही, एवढाच. हा फरक इंग्रजी शिकलेल्याला आठवडाभर तोंडापुढे कागद धरून शिकवावा लागतो. कागद हलला तर ख, नाही हलला तर क. आपल्या पोराला हे पहिलीच्या अंकलिपीत कळलेलं असतं. क, ख. प, फ. झालं!

आणखी एक. मराठीत 'च' दोन. 'चार'मधला वेगळा, 'चमचा'मधला वेगळा. चिनीतही हे दोन्ही आहेत आणि वेगवेगळे धरले जातात. हिंदीवाल्याला दुसरा 'च' मुद्दाम शिकावा लागतो. आपल्याला तो आईने शिकवलाय. बीजिंग, बेजिंग असलं काहीतरी आपण म्हणतो, तिकडचा माणूस 'पेइ-चिंग' म्हणतो. आपले आजोबा 'पेकिंग' म्हणायचे, ते 'प'च्या बाबतीत आपल्यापेक्षा बरोबर होते.

मराठीतून, देवनागरीतून शिकवलं तर उच्चाराचं निम्मं काम पहिल्या आठवड्यात होतं. मी क्लासमधल्या मॅडमना हे सांगितलं. त्या पुण्याच्या, मराठीच. हसल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकच नाही हो तसं."

उरलेलं निम्मं काम सुरांचं. एकच अक्षर चार सुरांत म्हटलं की चार अर्थ. ऐकून घाबरायला होतं, पण आपण एक 'हं' किती तऱ्हेने म्हणतो बघा. फोनवरचा सपाट 'हं', प्रश्नाचा वर जाणारा 'हं?', बायको काही विचारते तेव्हाचा खाली जाऊन वर येणारा, आणि भांडण संपवणारा तोडून टाकलेला 'हं!'. चार झाले. फरक इतकाच, की आपल्याकडे त्याने भाव बदलतो, त्यांच्याकडे शब्द बदलतो.

आणि धंद्यात हा शब्द कोणता, तर 'माइ'. खाली जाऊन वर आणला तर 'विकत घेणे'. वरून खाली तोडला तर 'विकणे'. घेणार की विकणार, हे गळ्याच्या चढउतारावर! आकड्यांचंही तसंच. चार म्हणजे 'स्स', दहा म्हणजे 'शर'. दक्षिणेकडचे बरेच लोक 'श'चा 'स' करतात, मग दोन्ही सारखेच ऐकू येतात, फरक उरतो सुराचा. म्हणून तिकडे एका हाताच्या बोटांवर एक ते दहा दाखवायची पद्धत आहे. अंगठा आणि करंगळी ताठ, बाकीची मिटलेली, म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी, म्हणजे आठ. ज्यांनी जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे बघितलेत, त्यांना हे शिकायला पाच मिनिटं लागतील.

आकडे मात्र त्यांचे आपल्यापेक्षा सोपे. पंच्याहत्तर म्हणजे 'सात-दहा-पाच', छी-शर-वू. एक ते दहा पाठ केले की नव्व्याण्णवपर्यंत गाडी थांबत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं तेव्हा आपण केवढा दंगा केला होता, आठवतं? ते बरोबर होतं की चूक हा वाद परत काढत नाही. पण अख्खा चीन तसाच मोजतो, एवढं सांगून ठेवतो.

आता खरा पैशाचा भाग. आपण लाखात बोलतो. इंग्रजी मिलियनमध्ये बोलते. चिनी माणूस 'वान'मध्ये बोलतो, एक वान म्हणजे दहा हजार. आपला मालक लाखाचं मिलियन करतो, तिकडचा शेठ मिलियनचं वान करतो, आणि शून्यं मध्ये कुठंतरी सांडतात. सरळ हिशोब हा: एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान. मधलं मिलियन काढून टाका. हे एवढं एक वाक्य मी ज्या ज्या यंत्रमागधारकाला सांगितलं, त्याने ते डायरीत लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट ॲडव्हान्सची. तिकडे दोन शब्द आहेत, दोन्हींचा उच्चार 'तिंग-चिन'. सूरसुद्धा तोच. लिहिताना फक्त पहिलं अक्षर वेगळं. एक तिंग-चिन म्हणजे आपल्या जमिनीच्या व्यवहारातला इसार. चीनच्या नागरी संहितेप्रमाणे देणारा फिरला तर रक्कम गेली, घेणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायची, आणि ही रक्कम कराराच्या २० टक्क्यांपर्यंतच धरली जाते. दुसरं तिंग-चिन म्हणजे नुसती उचल, दुप्पट वगैरे काही नाही. आपल्याकडे ३० टक्के आधी भरायची सर्रास पद्धत आहे. करार तिकडच्या कायद्याखाली असेल तर कागदावर कुठलं अक्षर आहे, हे भरण्याआधी बघितलेलं बरं. कानाने कळणार नाही, डोळ्यानेच बघावं लागतं. त्यासाठी विद्वान व्हायला नको, दोन अक्षरं ओळखता आली की बास.

तिसरी गोष्ट नावाची. चिनी कंपनीचं कायदेशीर नाव चिनी अक्षरांतलंच. व्हिजिटिंग कार्डावरचं झकपक इंग्रजी नाव हे बारशाचं नव्हे, लाडाचं नाव. खरं नाव, त्याचा १८ अंकी नोंदणी क्रमांक, करारावरचा गोल लाल शिक्का आणि बँक खात्याचं नाव, या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. तिकडे सहीइतकंच, किंबहुना जास्तच, शिक्क्याला वजन. आणि नावात 'माओ-यी' ही दोन अक्षरं असतील तर तो व्यापारी, कारखानदार नव्हे. कारखान्याला 'छांग' म्हणतात. 'थेट फॅक्टरी रेट' म्हणून सांगणाऱ्याच्या नावातच 'माओ-यी' असेल, तर पुढचं काय ते ओळखा.

एका यंत्रमागधारक मित्राचा अनुभव. शाओशिंगजवळ ख-छ्याओ म्हणून कापडाची प्रचंड बाजारपेठ आहे, तिथं गेला होता. दुभाषा होता, पण त्याचे पैसे देत होता विकणारा. तिकडचा मालक पाच मिनिटं बोलला. दुभाष्याने सांगितलं, "ही सेज ओके." पाच मिनिटांचं 'ओके'! मित्र म्हणाला, "त्या पाच मिनिटांत माझी म्हैस विकली असती तरी मला कळलं नसतं." त्याला 'खाओ-ल्यू' एवढा शब्द येत असता, तर कळलं असतं की मालक 'विचार करतो' म्हणतोय. म्हणजे आपल्याकडचं 'बघू की'. आणि आपल्याकडच्या 'बघू की'चा अर्थ काय असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तसंच 'छा-पू-तुओ', म्हणजे 'जवळपास तसंच'. पार्टच्या मापाबद्दल बोलताना हा शब्द कानावर पडला, की तिथंच थांबवून मिलिमीटर विचारायचे.

तुम्ही म्हणाल, मोबाईल आहे की, कॅमेरा धरला की भाषांतर होतं. होतं, मीही वापरतो. लेबल वाचायला उत्तम. पण चालू शेडमध्ये आवाजाचं भाषांतर चालत नाही, शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही तिथं. आणि मशीन अडकलं, माणसाचा हात त्याच्याजवळ आहे, अशा वेळी खिशातून मोबाईल काढायला वेळ नसतो. 'ची-थिंग' म्हणजे तातडीने बंद, 'वेइ-श्येन' म्हणजे धोका. ही अक्षरं त्या शेडमधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेली पाहिजेत, जॉबरच्या, कांडीवाल्याच्या, झाडलोट करणाऱ्या मावशींच्यासुद्धा. हा धंद्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

उगाच फुगवून सांगत नाही. आठ महिन्यांत मला सौदा करता येत नाही, पेपर वाचता येत नाही. चीन सरकारची एचएसके नावाची परीक्षा आहे, तिच्या पहिल्या पातळीला अनेक वर्षं १५० शब्द लागायचे. मी साधारण त्या पायरीवर आहे. पण आकडे, नाव, तारीख, 'हो', 'नाही', 'महाग आहे', 'परत सांगा', आणि पॅनेलवरचे पन्नास शब्द, एवढ्यानेसुद्धा माणूस मुका राहत नाही. दलाल खोटं बोलायच्या आधी एकदा विचार करतो. तेवढंच पाहिजे.

आणि मान मिळतो, हे वेगळंच. कारागिराला, मिस्त्रीला तिकडे 'शर-फू' म्हणतात. आपल्याकडे 'उस्ताद' म्हणतात तसं. मामांना हा शब्द सांगितला. पुढच्या व्हिडिओ कॉलला त्यांनी सुरुवातीलाच "नी हाओ, शर-फू" म्हटलं. तिकडचा पोरगा क्षणभर गप्प, मग खूप हसला, आणि त्यानेही मामांना 'शर-फू' म्हटलं. आजवर त्याला आपल्याकडून 'ए चायनीज' एवढंच ऐकायची सवय होती. त्या दिवशी कॉल पाऊण तास चालला, मशीन चालू झालं.

आता सार्वजनिक प्रश्न. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांच्या यादीत चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणात ती गळाली, जपानी राहिली, कोरियन आली. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर अख्खं राज्य पेटलं. मी तेव्हा मराठीच्या बाजूने लिहिलं, आजही तिथंच आहे. पण मराठीची बाजू घेणं म्हणजे फक्त दुसरी भाषा अडवणं नव्हे. जगातली कुठलीही विद्या मराठीतून मिळाली पाहिजे, हीही मराठीचीच बाजू. जॉबरला मँडरिन मराठीतून शिकता आली, तर ती मराठीची सेवा आहे.

एका संस्थेत विचारून आलो. उत्तर मिळालं, "साठ ॲडमिशन आणा, मग बघू." म्हणजे 'खाओ-ल्यू'. म्हटलं ठीक आहे.

तर माझी मागणी अशी. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी, टेक्स्टाईल कॉलेजने आणि आयटीआयने मिळून तीन महिन्यांची एक बॅच सुरू करावी. वेळ रात्रपाळी आणि दिवसपाळीच्या मधली. शिकवणं मराठीतून, फळ्यावर देवनागरी आणि चिनी अक्षर, रोमन नको. पहिला महिना उच्चार आणि आकडे, दुसरा पॅनेल आणि सुरक्षा, तिसरा बिल, करार, शिक्का. मालकाचा मुलगा आणि जॉबर एकाच बाकावर. फी मालकाने भरायची, कारण एका चुकीच्या पार्टच्या ऑर्डरमध्ये याहून जास्त जातात. शिकवायला त्या पुण्याच्या मॅडम तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

मामांची वही मी त्यांच्या परवानगीने टाईप करून घेतोय. प्रत्येक खुणेपुढे देवनागरीत उच्चार घालायचं काम चालू आहे. पूर्ण झाली की फुकट देणार, वहीच्या पहिल्या पानावर मामांचं नाव असेल. कुणाकडे चिनी मशीन असेल त्यांनी पॅनेलचे स्वच्छ फोटो पाठवा, म्हणजे यादी वाढेल. ज्यांना बॅचला बसायचंय त्यांनी नाव आणि पाळीची वेळ कळवा. आजपर्यंत एकोणीस नावं आलीत, त्यातले चौदा जॉबर आहेत. मालकांनो, तुमचीही वाट बघतोय.